पक्षात जायचं का? सीमाभागातल्या मराठी तरुणांसाठी

निवडणूक जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गल्ल्यांत एक ठरावीक निरोप फिरायला लागतो. ‘साहेबांनी बोलावलंय, मंडळाच्या दहा-पंधरा पोरांना घेऊन ये.’ निरोप आणणारा परका नसतो. गणेश मंडळाचा अध्यक्ष असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, नाहीतर शाळेत एका बाकावर बसलेला दोस्त. गेलं की गळ्यात शाल पडते, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात युवकांच्या पक्षप्रवेशाची बातमी येते. त्या फोटोत उभ्या असलेल्या अनेकांना आपण नेमकं काय केलं, त्यातून काय मिळालं आणि काय गेलं, हे कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

पुण्या-कोल्हापुरातल्या पोराला पक्षात जाताना एकच प्रश्न पडतो: मला सार्वजनिक काम करायचंय, त्यासाठी हा पक्ष बरा की तो? आपल्याकडं त्याच्या आधी दुसरा प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीय पक्षात गेलो तर सीमाप्रश्नाचं, म्हणजे कर्नाटकातला हा मराठी भाग महाराष्ट्रात जावा या मागणीचं, काय? घरातले वडीलधारे, ज्यांनी १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या, त्यांना काय सांगायचं? ‘काय मग, समिती सोडलास म्हणे?’ हा महाराष्ट्र एकीकरण समिती सोडल्याचा चौकातला टोमणा किती झोंबतो, हे इथं राहणाऱ्यालाच माहीत. या दोन प्रश्नांची गाठ बसलेली आहे. ती सोडवून दोन्हींचा वेगवेगळा विचार केल्याशिवाय पक्षात जाऊ नये आणि पक्षाला नकारही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सदस्य झालं म्हणजे काय झालं?

राजकीय पक्षाची नोंदणी निवडणूक आयोगाकडं होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून २९-अ हे कलम आहे. त्यानुसार पक्षाला अर्ज करावा लागतो. आपण राज्यघटनेशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीच्या तत्त्वांशी निष्ठा ठेवू, असं पक्षाच्या घटनेत लिहावं लागतं. मतदारयादीत नाव असलेले किमान १०० सदस्य दाखवावे लागतात. पुढं सदस्य कुणाला करायचं, काढायचं कुणाला, पदं कशी भरायची, हे सगळं त्या पक्षाच्या स्वतःच्या घटनेवर चालतं.

म्हणजे तुम्ही सदस्य झालात तर ती नोंद पक्षाच्या वहीत किंवा मोबाईल ॲपमध्ये होते. मतदारयादीत तुमच्या नावापुढं पक्ष लिहिला जात नाही, रेशनकार्डावर काही उमटत नाही. तुमचं मत गुप्तच राहतं आणि त्याच पक्षाला मत देण्याचं कायदेशीर बंधन तुमच्यावर येत नाही. लोक ‘व्हिप’, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, हा शब्द ऐकून घाबरतात. पण व्हिप निवडून आलेल्या सदस्याला सभागृहात लागू होतो, घरी बसलेल्या कार्यकर्त्याला नाही.

सदस्यत्वाच्या पायऱ्याही समजून घ्याव्यात. भाजपनं २०१४ पासून मिस्ड कॉलवर सदस्य करून घ्यायला सुरुवात केली, काँग्रेसनं पुढं डिजिटल सदस्यनोंदणी राबवली. अशा नोंदणीतून तुम्ही प्राथमिक सदस्य होता. पक्षाच्या दृष्टीनं त्या क्षणी मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. पक्षातली पदं, समित्या, उमेदवारीची चर्चा या गोष्टी सक्रिय सदस्य आणि पदाधिकारी यांच्या पातळीवर होतात. म्हणून कुणी ‘सदस्य हो’ म्हटलं तर पहिला प्रश्न हा विचारावा की कसला सदस्य. फोटोपुरता, यादीपुरता, की कामाचा?

समिती हा पक्ष नाही, आणि याचा अर्थ मोठा आहे

महाराष्ट्र एकीकरण समिती ही चळवळ आहे. मध्यवर्ती समिती आणि तिच्या शहर, तालुका, खानापूर, निपाणी अशा घटक समित्या मिळून ती चालते. निवडणुकीत तिचे उमेदवार उतरतात ते समितीचे म्हणून लोकांना माहीत असतात, पण निवडणूक आयोगाच्या हिशोबात ते अपक्ष असतात. हा फरक कागदापुरता नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पक्षाचं चिन्ह कायमचं असतं, अपक्षाला दर निवडणुकीत मुक्त चिन्हांतून मिळेल ते घ्यावं लागतं आणि पंधरा दिवसांत ते म्हाताऱ्या आजीपर्यंत पोचवावं लागतं.

दहा सूचकांच्या या नियमाच्या इतिहासात आपलं बेळगाव आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष वेधण्यासाठी समितीनं बेळगाव मतदारसंघातून शेकड्यांनी अर्ज भरले. रिंगणात एकूण ४५६ उमेदवार राहिले आणि मतपत्रिकेची पुस्तिका झाली. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंडात ४८० आणि तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. ही तीन ठिकाणं देशभर गाजली आणि त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० वर गेली, विधानसभेची २५० वरून ५,००० वर, आणि अपक्षांना दहा सूचक सक्तीचे झाले. आज लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० रुपये भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही रक्कम निम्मी आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं पडली तर ती जप्त होते.

ही हकीकत सांगण्यामागं कारण आहे. सामान्य शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी पाचशे-पाचशे रुपये भरून देशाला आपली दखल घ्यायला लावली, तेही कुठल्या पक्षाशिवाय. राजकारण म्हणजे पक्षच, असं ज्याला वाटतं त्यानं हे विसरू नये. पण त्या मार्गाला मर्यादा होती, हेही तितकंच खरं. दिल्लीनं दखल घेतली ती अर्जांची, मागणीची नाही.

अपक्ष असण्याचा आणखी एक परिणाम फार कमी जणांना माहीत असतो. पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची, १९८५ मध्ये आली. त्यात अपक्ष म्हणून निवडून आलेल्या आमदारासाठी वेगळी तरतूद आहे. निवडून आल्यावर तो कुठल्याही पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते. म्हणजे समितीच्या बळावर अपक्ष निवडून आलेला माणूस मुदतीत राष्ट्रीय पक्षात जाऊ शकत नाही; गेला तर पद सोडून जावं लागतं. मात्र मुदत संपल्यावर, किंवा हरल्यावर, त्याला कुठलाच कायदा अडवत नाही. तिथं फक्त त्याचा शब्द असतो.

२०१३ मध्ये समितीचे दोन आमदार झाले, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ मध्ये एकही आला नाही. खानापुरात तर समितीच्याच दोन गटांचे उमेदवार समोरासमोर उभे होते. २०२३ मध्येही पाटी कोरीच राहिली. यावरून ‘समिती संपली’ म्हणणाऱ्यांनी २०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक आठवावी. खासदार सुरेश अंगडी यांच्या निधनानंतर झालेल्या त्या निवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मतं पडली आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या उमेदवारावर सुमारे ५ हजारांच्या फरकानं निवडून आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. आपल्या भागातला मराठी मतदार कुणाच्या खिशात नाही. तो निवडणूक पाहून, माणूस पाहून, एकी पाहून मत देतो. हे ज्याला कळलं तो पक्षात असो वा समितीत, त्याचं काम सोपं होतं.

सीमाप्रश्न आणि सदस्यत्व

आता तो बोचरा प्रश्न. राष्ट्रीय पक्षात गेलं तर सीमाप्रश्नाशी बेइमानी होते का?

सीमाप्रश्न आज सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र सरकारनं २००४ मध्ये दावा दाखल केला तो घटनेच्या १३१ व्या कलमाखाली. राज्या-राज्यांतले किंवा राज्य आणि केंद्र यांच्यातले वाद या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. वादी महाराष्ट्र आहे; केंद्र सरकार आणि कर्नाटक प्रतिवादी आहेत. तुम्ही बेळगावच्या एखाद्या वॉर्डात कुठल्या पक्षाचे सदस्य आहात, याचा त्या दाव्याच्या कागदांवर परिणाम होत नाही.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ‘इथल्या लोकांची इच्छा काय आहे’ हा सीमाप्रश्नातला गाभ्याचा मुद्दा आहे, आणि ती इच्छा दाखवायची साधनं म्हणजे निवडणुकीतली मतं, ग्रामपंचायतींचे ठराव, १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या अधिवेशनाच्या वेळचा महामेळावा. त्यामुळं मोठ्या संख्येनं मराठी माणसं पक्षांत गेली आणि समितीचा उमेदवार दर वेळी पडत राहिला, तर विरोधी बाजू त्याचा उपयोग करणारच. वडीलधाऱ्यांच्या रागामागं हे कारण आहे आणि ते खोटं नाही. त्यांना ‘तुमचा काळ गेला’ म्हणून उडवून लावू नये. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जाणाऱ्या माणसाचा राग समजून घेतला पाहिजे.

तरीही मला वाटतं की पक्षात गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला फितूर ठरवणं हे चळवळीचंच नुकसान आहे. रस्ता, पाणी, जमिनीच्या आरटीसी उताऱ्यातली चूक, शाळेची खोली ही कामं थांबत नाहीत आणि ती करून घेणारा माणूस कुठल्या तरी दारात उभा राहणारच. प्रश्न असा विचारायला हवा: पक्षात गेल्यावर तो मराठी शाळेबद्दल, मराठी कागदपत्रांबद्दल बोलतो का, की गप्प बसतो?

या बाबतीत दोन्ही मोठ्या पक्षांकडं डोळे उघडे ठेवून पाहावं. कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायदा, ज्याच्या नावात २०२२ हे वर्ष आहे, तो भाजप सरकारनं आणला. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीची करणारी २०२४ ची दुरुस्ती काँग्रेस सरकारच्या काळात झाली. सरकार बदललं, धोरण बदललं नाही. ज्याला वाटतं की अमुक पक्षात गेलो की मराठीचा प्रश्न सुटेल, त्यानं ही दोन वर्षं शेजारी-शेजारी लिहून ठेवावीत. पक्षाचा आमदार मनातून मराठीच्या बाजूचा असला तरी मतदानाच्या वेळी व्हिपच्या विरुद्ध जाऊन आमदारकी धोक्यात घालेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी मात्र पक्षाबाहेरचीही दारं आहेत. घटनेचं ३५०-अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल आहे. ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याक आयुक्त नेमलेला असतो आणि त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढं जातात. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हा संकेत केंद्र आणि राज्यांमध्ये मान्य झालेला आहे. या दारांवर निवेदन द्यायला कुठल्याही पक्षाचं उपरणं लागत नाही.

काम कुठल्या दारात होतं?

पक्ष निवडण्याआधी काम निवडावं. हे ऐकायला साधं वाटतं, पण माझ्या पाहण्यात बहुतेक जण उलटं करतात.

बळ्ळारी नाल्याचं उदाहरण घ्या. दर पावसाळ्यात शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात त्याचं पाणी पसरतं आणि उभं भात पाण्याखाली जातं. नाल्याचा काही भाग महापालिकेच्या हद्दीत, पुढचा हद्दीबाहेर. तुम्हाला हा एकच प्रश्न सोडवायचा आहे असं समजा. वॉर्डाचा नगरसेवक सफाईसाठी आवाज उठवू शकतो आणि तो आता बहुतेक वेळा पक्षाचा असतो. हद्दीबाहेरच्या कामाला राज्य सरकारचा निधी लागतो, तिथं आमदार आणि पालकमंत्री लागतात. अतिक्रमणाचा विषय जिल्हाधिकारी आणि मोजणी खात्याकडं. नुकसानभरपाईचा पंचनामा तलाठी करतो. यातल्या कुठल्या दारात पक्षाचा माणूस लागतो आणि कुठं नुसता चिकाटीचा शेतकरी पुरतो, याचा हिशोब तुम्हीच करा. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध सुपीक जमीन वाचवण्यासाठी शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात लढले ते शेतकरी म्हणून. त्यांच्यात सगळ्या पक्षांना मत देणारे लोक होते आणि तेच त्यांचं बळ होतं.

गावातल्या कामासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तिथं पक्षाचे गट असतात, पैसाही पक्षाकडून येतो, पण कायद्यानं उमेदवार पक्षाचा नसतो. म्हणजे ज्याला गावचा पाणीपुरवठा, गटार, रोजगार हमीची कामं यांत हात घालायचा आहे, ज्याला पीडीओसमोर, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यासमोर, बसून हिशोब मागायचा आहे, त्याला पक्षप्रवेशाची गरजच नाही. तालुका आणि जिल्हा पंचायत मात्र पक्षचिन्हावर लढवली जाते. स्थानिक संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असल्यानं घरातल्या बाईला अचानक ‘उभी राहा’ म्हणून सांगितलं जातं. त्या बाईनं आधी तीन-चार ग्रामसभांना जावं आणि अर्ज भरताना पुढच्या पाच वर्षांच्या सह्या आपण स्वतः वाचून करणार आहोत, हे घरात स्पष्ट सांगावं. नवऱ्याच्या नावानं चालणारं अध्यक्षपद मी फार पाहिलंय आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो.

पक्ष की माणूस?

बेळगाव जिल्ह्याचं राजकारण पक्षांपेक्षा घराण्यांवर, साखर कारखान्यांवर आणि सहकारी बँकांवर चालतं. जारकीहोळी बंधूंचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे: सतीश काँग्रेसमध्ये, रमेश आणि भालचंद्र भाजपमध्ये. २०१९ च्या जुलैत कर्नाटकातले जे १७ आमदार अपात्र ठरले, त्यांत गोकाक, अथणी आणि कागवाड हे आपल्याच जिल्ह्यातले तीन मतदारसंघ होते. सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण पुन्हा निवडणूक लढवायला मोकळीक दिली. डिसेंबरातल्या पोटनिवडणुकीत तिघंही नव्या पक्षाकडून निवडून आले. मग २०२३ मध्ये भाजपचे माजी उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी काँग्रेसमध्ये गेले आणि अथणीतून जिंकले.

नेता गेला, त्याच्यामागं तालुक्याचे पदाधिकारी गेले. पण गावात काल ज्याच्याशी तुम्ही भांडलात, तो आज त्याच व्यासपीठावर तुमच्या शेजारी बसतो, आणि भांडणात तुटलेली भावकी मात्र तुटलेलीच राहते. म्हणून स्वतःला विचारा की तुम्ही पक्षाचं धोरण पाहून जाताय की एका माणसामागं. माणसामागं जाणंही चूक नाही, चांगल्या माणसामागं जावंच. फक्त तो उद्या पक्ष बदलेल तेव्हा तुम्ही काय करणार, हे आजच ठरवा.

निवडून आलेल्यांच्या पक्षांतराबद्दल एक बारीक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानली जायची आणि आमदारकी वाचायची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती पळवाट बंद केली. आता दोन तृतीयांश सदस्यांसह विलीनीकरण हाच अपवाद उरला. महापालिका, नगरपालिका, तालुका आणि जिल्हा पंचायतींसाठी कर्नाटकाचा स्वतःचा १९८७ चा पक्षांतरबंदी कायदा आहे. नगरसेवक होण्याचं स्वप्न असेल तर तो समजून घ्या, कारण पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात की महापौरपदाच्या मतदानात हात वर करताना मराठी म्हणून विचार करायचा की पक्ष सांगेल तसा, हा प्रश्न तिथं प्रत्यक्ष उभा राहतो.

ज्यांनी जाऊच नये, आणि ज्यांनी जपून राहावं

सरकारी नोकराला पक्षाचं सदस्य होता येत नाही. केंद्राचे आणि राज्याचे वर्तणूक नियम ते स्पष्ट सांगतात. नोकरीत असलेल्या सैनिकालाही राजकारणात भाग घेता येत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं आपल्याकडं घरोघरी जवान आहेत. सुट्टीवर आलेल्या भावाला पक्षाच्या मेळाव्यात गणवेशातल्या फोटोसह मिरवू नका, त्याची नोकरी अडचणीत येईल. निवृत्त झाल्यावर त्याला पूर्ण मोकळीक आहे. अनुदानित शाळेतले शिक्षक आणि राष्ट्रीयीकृत बँकेतले अधिकारी यांनी आपले सेवानियम वाचल्याशिवाय कुठंही सही करू नये.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना आणि परदेशी जायचं असणाऱ्यांना एक सांगणं आहे. पक्षाच्या सदस्यत्वानं नोकरी अडत नाही, पण आंदोलनातल्या गुन्ह्यानं अडू शकते. फौजदारी खटला कोर्टात प्रलंबित असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते, आणि नोकरीच्या पडताळणी अर्जात खटल्याची माहिती लपवली तर तेवढ्यावरून निवड रद्द होऊ शकते. आंदोलनात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. ज्यांनी गुन्हे अंगावर घेतले त्यांच्यामुळंच आज इथं मराठी शाळा दिसतात. पण जो नेता पुढं करतो, त्याच्याकडं खटल्याच्या तारखांना वकील द्यायची सोय आहे का, हे आधी विचारा. हा प्रश्न विचारणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

आधी काय पाहावं?

माझा सल्ला असा की कुठलंही उपरणं गळ्यात घेण्याआधी एकदा मतदान एजंट म्हणून बसा. उमेदवार पक्षाचा असो वा समितीचा, त्याला प्रत्येक केंद्रावर एजंट लागतोच आणि माणसं कमी पडतातच. पहाटे अंधारात केंद्रावर पोचावं लागतं, कारण मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल सुरू होतो. मशीनवर नमुना मतं टाकून, मोजून, पुसून दाखवतात, मग सील करताना एजंटांच्या सह्या घेतात. दिवसभर यादी पुढ्यात घेऊन एकेक नाव खोडायचं. दुपारपर्यंत कळतं की आपल्या गल्लीतलं कोण मुंबईला गेलंय, कुणाचं नाव यादीतून उडालंय, कुठली मावशी मैलभर चालत आलीय. संध्याकाळी १७-क नमुन्याची प्रत हातात पडते, त्यावर पडलेल्या एकूण मतांचा आकडा असतो. ती प्रत नीट घेतली आणि जपली की मतमोजणीच्या दिवशी तिचं मोल कळतं. एवढ्या एका दिवसात पक्षाचा कार्यकर्ता आणि समितीचा कार्यकर्ता कसं वागतात, कोण शेवटपर्यंत बसतो, कोण दुपारच्या जेवणानंतर गायब होतो, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

त्यानंतर ज्या संघटनेत जायचंय तिच्या बैठकांना काही महिने नुसतं जाऊन बसा. वॉर्डाचा अध्यक्ष निवडला जातो की वरून नेमला जातो? हिशोब वाचून दाखवतात का? नव्या पोरानं प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळतं की डोळे वटारले जातात? हेच प्रश्न समितीलाही लावा. गटबाजी झाली तेव्हा दोन्ही बाजूंना एकत्र बसवायला कोण धावलं, हे पाहा. त्या माणसाच्या जवळ राहा.

राष्ट्रीय पक्षांच्या बाबतीत भाषेचा मुद्दा येतोच. गल्लीतली बैठक मराठीत होते, जिल्ह्याची मात्र कन्नडमध्ये. परिपत्रकं कन्नडमध्ये, वरच्या नेत्याशी फोन कन्नडमध्ये. ज्या मराठी कार्यकर्त्याला कन्नड लिहिता-वाचता येत नाही तो वर्षानुवर्षं खुर्च्या लावत राहतो, आणि त्याच्याच नावावर दुसरा बोलून जातो. पक्षात जायचं ठरवलं असेल तर कन्नड वाचायला शिका. त्यानं मराठी कमी होत नाही. पीडीओनं पुढं सरकवलेला ठराव वाचता येणं हे मराठी गावाच्याच कामाचं आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पक्षाला देणगी दिली तर पावती घ्या. २,००० रुपयांवरची देणगी रोखीनं घेतली तर पक्षाची प्राप्तिकर सवलत धोक्यात येते, म्हणून मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन द्या. पद मिळालं की वाढदिवसाचे फलक, शिवजयंतीच्या चित्ररथाला वर्गणी, जेवणावळी असा खर्च अंगावर येतो. त्याची मर्यादा बायकोशी बोलून आधीच ठरवा, नाहीतर तो सोसायटीच्या कर्जात निघतो.

आणि बाहेर पडायचं असेल तर लेखी राजीनामा द्या. तालुका किंवा जिल्हा अध्यक्षाच्या नावानं दोन ओळी पुरतात. कारण लिहिण्याची सक्ती नाही. एका प्रतीवर पोच घ्या, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. ॲपवर नोंदणी केली असेल तर तीही रद्द करायला लेखी सांगा. सरकारी नोकरीचं नेमणूकपत्र हातात येणार असेल तर हे काम रुजू होण्याआधी उरका, कारण रुजू झाल्यावर जुन्या यादीतलं तुमचं नाव कुणीही पुढं करू शकतं आणि तेव्हा ती पोचच दाखवावी लागते.